उभ्या पाईपवरचा मॅनोमीटर नेमके काय मोजतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. उभ्या पाईपवर व्हेंचुरीमीटर (मध्ये अरुंद होणाऱ्या नळीच्या साह्याने प्रवाह मोजणारे उपकरण) बसवलेला आहे, पाणी खालून वर वाहते आहे आणि प्रवेशाच्या टॅपिंगपेक्षा (दाब घेण्यासाठी भिंतीत पाडलेल्या छिद्रापेक्षा) घशाचे, म्हणजे सर्वांत अरुंद भागाचे, टॅपिंग ०.३ मीटर उंच आहे. दोन्ही टॅपिंग पाऱ्याच्या यू-नळी मॅनोमीटरला जोडलेली असून दोन भुजांतील पाऱ्याच्या पातळ्यांत १५० मिमी फरक दिसतो. प्रयोगवहीत विसर्ग (दर सेकंदाला वाहणारे पाणी) काढताना हेड (पाण्याच्या स्तंभाच्या उंचीत मांडलेला फरक) १२.६ × ०.१५, म्हणजे १.८९ मीटर घेतले जाते आणि त्या ०.३ मीटरचा कोठेही उल्लेख येत नाही. परीक्षेतील गणितात मात्र याच मांडणीसाठी दाबातील फरक विचारला की ०.३ मीटर मिळवलेले असतात. यांपैकी बरोबर काय, १३.६ (पाऱ्याची घनता पाण्याच्या जितकी पट असते ती संख्या) कधी घ्यायचे आणि त्यातून १ वजा केलेले १२.६ कधी, आणि अधिक-उणे चिन्हांचा गोंधळ कसा टाळायचा, असे द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्याने विचारले आहे.

दोन्ही उत्तरे बरोबर आहेत, कारण ती दोन वेगळ्या राशींची उत्तरे आहेत. पाण्याने भरलेल्या जोडनळ्यांचा मॅनोमीटर दाबातील फरक दाखवत नाही. तो दाबाचे हेड आणि उंची यांच्या बेरजेतील फरक दाखवतो. या बेरजेला आपण पिझोमेट्रिक हेड म्हणतो. आडव्या पाईपवर उंची सारखीच असल्यामुळे दोन्ही गोष्टी एकच होतात, आणि शिकवताना सुरुवात बहुधा आडव्या पाईपपासून होत असल्यामुळे हा भेद विद्यार्थ्याच्या लक्षात येत नाही. तो लक्षात आला की बाकीच्या दोन शंकांचे उत्तर त्यातूनच निघते, म्हणून जरा मुळापासून मांडतो.

मॅनोमीटरचे सगळे गणित एका विधानावर उभे आहे: स्थिर असलेल्या, एकाच आणि अखंड द्रवात समान पातळीवरील सर्व बिंदूंवर दाब समान असतो. गवंडी लांब पारदर्शक नळीत पाणी भरून खोलीच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात लेव्हल नेतात, ती याच विधानाच्या बळावर. आणि नळीत बुडबुडा अडकला तर ती लेव्हल चुकते, कारण मग द्रव अखंड राहिलेला नसतो. विधानातील तिन्ही विशेषणे महत्त्वाची आहेत. आपल्या मांडणीत पाऱ्याची डावी पातळी खाली आणि उजवी १५० मिमी वर आहे असे समजा. डाव्या पातळीची आडवी रेषा उजव्या भुजेत नेली तर ती पाऱ्यात पडते, आणि त्या दोन बिंदूंना जोडणारा पारा नळीच्या तळातून अखंड आहे, म्हणून तेथे दाब समान आहेत. उजव्या पातळीची आडवी रेषा डाव्या भुजेत नेली तर ती पाण्यात पडते. हे दोन बिंदूही एकाच पातळीवर आहेत, पण एकाकडून दुसऱ्याकडे जाताना द्रव बदलतो, म्हणून तेथे दाब समान नाहीत. उत्तरपत्रिकांमध्ये दिसणाऱ्या चुकांपैकी बऱ्याच चुका या दुसऱ्या रेषेवर दाब समान धरल्यामुळे होतात.

स्थिरतेबद्दल एक शंका नेहमी येते: पाईपमधील पाणी तर वाहते आहे, मग स्थिर द्रवाचा नियम कसा लावायचा? नियम आपण पाईपमधील प्रवाहाला लावत नाही, जोडनळ्यांतील पाण्याला लावतो, आणि ते पाणी पारा एका जागी ठरल्यावर स्थिरच असते. प्रवाहातील दाब टॅपिंगच्या छिद्रातून जोडनळीत पोहोचतो. त्यासाठी छिद्र पाईपच्या भिंतीला काटकोनात हवे आणि आतल्या बाजूला त्याची कड साफ हवी. ड्रिलने राहिलेली बारीक धार प्रवाहात पुढे आली की छिद्राजवळचा प्रवाह विस्कटतो आणि मॅनोमीटर कितीही चांगला असला तरी वाचन चुकते.

आता चिन्हांकडे वळू. प्रत्येक प्रकारच्या मॅनोमीटरचे वेगळे सूत्र पाठ करायला लावण्याची पद्धत मला पटत नाही. एका टोकापासून सुरुवात करावी, तेथील दाब लिहावा आणि द्रवातून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जावे. खाली उतरताना त्या द्रवाची घनता, गुरुत्वत्वरण आणि उतरलेली उंची यांचा गुणाकार मिळवावा, वर चढताना वजा करावा, आडवे जाताना काहीच करू नये. दुसऱ्या टोकाला पोहोचलो की आलेली रक्कम तेथील दाबाबरोबर मांडावी. आकृती सरळ असो, उलटी असो किंवा तीन द्रवांची असो, कृती हीच राहते. अडचण नको म्हणून सर्व दाब पाण्याच्या मीटरमध्ये लिहावेत. मग पाण्याच्या प्रत्येक मीटरला १ आणि पाऱ्याच्या प्रत्येक मीटरला १३.६ एवढेच ध्यानात ठेवावे लागते.

आपल्या प्रश्नात प्रवेशाच्या टॅपिंगपासून निघू. तेथून डाव्या भुजेतील पाऱ्याच्या पातळीपर्यंतची खोली दिलेली नाही, तिला ‘ख’ म्हणू. पाण्यातून ‘ख’ इतके उतरलो, म्हणून ख मिळवला. पाऱ्यातून तळाशी जाऊन उजव्या भुजेत त्याच पातळीवर आलो, तेथे दाब तोच. तेथून पाऱ्यात ०.१५ मीटर चढलो, म्हणून १३.६ × ०.१५ म्हणजे २.०४ वजा केले. आता आपण प्रवेशाच्या टॅपिंगच्या खाली (ख − ०.१५) मीटरवर आहोत, आणि घशाचे टॅपिंग प्रवेशाच्या ०.३ मीटर वर आहे, म्हणून पाण्यातून चढायची उंची (ख − ०.१५ + ०.३) आहे; ती वजा केली. सगळे एकत्र मांडले तर:

प्रवेशाचा दाब + ख − २.०४ − (ख − ०.१५ + ०.३) = घशाचा दाब

‘ख’ दोन्हीकडून निघून जातो, म्हणूनच तो दिलेला नसतो. मॅनोमीटर पाईपच्या किती खाली टांगला आहे याला महत्त्व नाही. उरते ते असे: दाबांतील फरक = २.०४ − ०.१५ + ०.३ = २.१९ मीटर पाणी, म्हणजे सुमारे २१.५ किलोपास्कल. यातील २.०४ − ०.१५ हा भाग म्हणजेच १२.६ × ०.१५, म्हणजे १.८९ मीटर. परीक्षेतील उत्तर असे सिद्ध होते.

येथे थांबून एक गोष्ट प्रत्यक्ष करून पाहावी असे मी आग्रहाने सांगेन, कारण तिच्याशिवाय हा मुद्दा कागदावरच राहतो. व्हेंचुरीमीटरच्या पुढचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करा, म्हणजे पाईप पाण्याने भरलेला राहील पण प्रवाह थांबेल. आता दोन टॅपिंगमधील दाबांत फरक आहे का? निश्चित आहे: खालच्या टॅपिंगवर ०.३ मीटर पाण्याचा दाब जास्त आहे, म्हणजे सुमारे २.९ किलोपास्कल. तरीही पारा दोन्ही भुजांत समपातळीवर येतो. खालच्या टॅपिंगवर जो जादा दाब आहे, तो उजव्या जोडनळीतील ०.३ मीटर जास्त उंचीच्या पाण्याने तंतोतंत तोलला जातो, त्यामुळे पाऱ्यापर्यंत तो फरक पोहोचतच नाही. उंचीमुळे येणारा दाबाचा फरक जोडनळ्या आपोआप वजा करतात. उरलेला, प्रवाहामुळे झालेला फरकच पाऱ्यात दिसतो.

व्हेंचुरीमीटरला नेमके तेच हवे असते. बर्नूलीच्या (प्रवाहातील दाब, उंची आणि वेग यांचा संबंध सांगणाऱ्या) समीकरणात प्रवेश आणि घसा यांच्या वेगांतील फरक दाबाचे हेड आणि उंची यांच्या बेरजेवरून निघतो, एकट्या दाबावरून नाही. म्हणून विसर्गाच्या सूत्रात १.८९ मीटरच घालायचे, आणि पाईप आडवा, तिरपा किंवा उभा असला तरी तेच सूत्र चालते. याउलट मॅनोमीटरऐवजी दोन्ही टॅपिंगवर, प्रत्येकी टॅपिंगच्याच उंचीवर, बोर्डन गेज (काट्याने दाब दाखवणारे तबकडीचे मापक) बसवले असते तर त्यांच्या वाचनांतील फरक २.१९ मीटर आला असता आणि त्यातून ०.३ मीटर आपल्याला हाताने वजा करावे लागले असते.

ही चूक किती महागात पडते तेही पाहू, कारण ‘थोडाफार फरक पडेल’ असे म्हणून ती सोडून दिली जाते. समजा मोजणी टाकीवरून काढलेल्या प्रत्यक्ष विसर्गानुसार विसर्ग गुणांक (प्रत्यक्ष आणि सैद्धांतिक विसर्गाचे गुणोत्तर) ०.९७ यायला हवा. हेड १.८९ ऐवजी २.१९ घेतले तर सैद्धांतिक विसर्ग सुमारे ७.६ टक्क्यांनी फुगतो आणि गुणांक ०.९० येतो. उंची बरोबर हाताळूनही १२.६ च्या जागी १३.६ घेतले तर सैद्धांतिक विसर्ग ३.९ टक्क्यांनी फुगतो आणि गुणांक ०.९३ च्या आसपास येतो. या दुसऱ्या चुकीत आलेखावर बिंदू एका सरळ रेषेत छान बसतात, कारण ती चूक सर्व वाचनांत एकाच प्रमाणात असते; म्हणून आलेख सुबक आला यावरून वाचन बरोबर आहे असे मानू नये.

१३.६ की १२.६ याचा निकाल वरच्या चालण्यातच लागलेला आहे. पाऱ्याच्या दोन्ही पातळ्यांवर पाणीच असेल तेव्हा एका बाजूला पारा जितका चढतो तितक्या उंचीचे पाणी त्या बाजूने कमी होते, म्हणून १३.६ मधून १ जातो. पाईपमध्ये पाण्याऐवजी ०.८ विशिष्ट गुरुत्वाचे (पाण्याच्या ०.८ पट घनतेचे) तेल असेल तर १३.६ मधून ०.८ जाईल, आणि हेड तेलाच्या मीटरमध्ये हवे असेल तर त्याला पुन्हा ०.८ ने भागावे लागेल: १२.८ ÷ ०.८ = १६. पाईपमध्ये हवा असेल तर तिची घनता पाण्याच्या सुमारे आठशेव्या भागाइतकी असल्यामुळे वजाबाकी करण्याचे कारण उरत नाही आणि १३.६ तसाच राहतो. बारकाईने पाहणाऱ्यांसाठी: १३.६ ही संख्या ० अंश सेल्सिअसच्या पाऱ्याची आहे हे खरे आहे, पण आपल्याकडील ३० अंशांना पाण्याची घनताही थोडी उतरते आणि दोघांचे गुणोत्तर १३.५८ च्या आसपास राहते, त्यामुळे या प्रयोगात ती दुरुस्ती करावी लागत नाही.

एक भुजा हवेत उघडी असेल तर १२.६ येत नाही. पाण्याच्या पाईपला जोडलेल्या साध्या यू-नळीत उघड्या भुजेतला पारा २०० मिमी वर आहे आणि पाईपकडच्या भुजेतली पाऱ्याची पातळी पाईपच्या मध्याच्या ३०० मिमी खाली आहे असे घ्या. पाईपच्या मध्यापासून चालत गेलो तर: दाब + ०.३ − १३.६ × ०.२ = वातावरणाचा दाब. म्हणजे पाईपमधील गेज दाब (वातावरणाच्या दाबापेक्षा जितका जास्त तितका) २.४२ मीटर पाणी, सुमारे २३.७ किलोपास्कल. येथे ०.३ मीटर विसरता येत नाही, आणि मॅनोमीटर किती खाली टांगला आहे याला येथे पूर्ण महत्त्व आहे, कारण दुसऱ्या बाजूला तोलायला पाणी नाही. निरपेक्ष दाब हवा असेल तर त्या ठिकाणचा वातावरणाचा दाब मिळवावा लागतो. पुस्तकातील १०१.३ किलोपास्कल समुद्रसपाटीचा आहे, तो मुंबईत किंवा पणजीत चालेल. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्यामुळे तेथे तो ९५ किलोपास्कलच्या आसपास असतो. पुण्यातील प्रयोगशाळेत बसून १०१.३ मिळवले तर निरपेक्ष दाबात सहा किलोपास्कलहून अधिक चूक होते, आणि पंपाच्या चूषण बाजूचे गणित करताना ही चूक मोठी ठरते.

मॅनोमीटरमध्ये कोणता द्रव घ्यायचा हा प्रश्न विद्यार्थी फारसा विचारत नाहीत, पण मोजमापाची गुणवत्ता त्यावरच ठरते. दोन टॅपिंगमध्ये १०० मिमी पाण्याइतकाच हेडचा फरक असेल तर पाऱ्यात तो १०० ÷ १२.६, म्हणजे जेमतेम ८ मिमी दिसतो. पट्टीवर डोळ्याने वाचताना १ मिमीची चूक सहज होते, म्हणजे वाचनात बारा-तेरा टक्क्यांची अनिश्चितता आली. तोच फरक उलट्या यू-नळीत, वर हवा ठेवून वाचला तर १०० मिमी दिसतो आणि अनिश्चितता एक टक्क्यावर येते. वर हवेऐवजी ०.८ विशिष्ट गुरुत्वाचे, पाण्यात न मिसळणारे तेल ठेवले तर फरक १०० ÷ ०.२, म्हणजे ५०० मिमी दिसतो. दोन द्रवांच्या घनता जितक्या जवळ, तितके वाचन मोठे. अर्थात, पट्टी तेवढी लांब हवी आणि तेल-पाण्याची पातळी स्थिरावायला वेळ द्यायला हवा. उलट्या नळीत एक सोय आहे: वरच्या व्हॉल्व्हमधून हातपंपाने हवा भरून किंवा सोडून दोन्ही पातळ्या पट्टीच्या मध्यावर आणता येतात, आणि त्याने त्यांच्यातला फरक बदलत नाही. पाईपच्या घर्षणातून होणारी हेडची हानी कमी वेगात मोजायची असेल तर पाऱ्याचा आग्रह धरू नये.

हवेच्या नलिकांतील काही मिलिमीटर पाण्याइतका दाब मोजण्यासाठी तिरपा मॅनोमीटर वापरतात. १० अंशांच्या उतारावर द्रव नळीत उंचीच्या ५.७६ पट सरकतो, म्हणून वाचन सोपे होते. पण त्याच उतारावर कोनात एका अंशाची चूक झाली तर दाबात जवळजवळ दहा टक्के चूक होते, आणि ३० अंशांवर तीच चूक तीन टक्क्यांची असते. म्हणून असा मॅनोमीटर स्पिरिट लेव्हल लावल्याशिवाय वाचू नये. एका बाजूला रुंद टाकी असलेल्या एकभुजी मॅनोमीटरात टाकीची पातळीही थोडी उतरते. टाकीचे क्षेत्रफळ नळीच्या शंभरपट असेल तर ही दुरुस्ती एक टक्क्याची असते.

प्रयोगशाळेत वाचन घेण्यापूर्वी बुडबुडे काढणे हे सर्वांत महत्त्वाचे काम आहे. उभ्या जोडनळीत २० मिमी लांबीचा, नळी पूर्ण अडवणारा बुडबुडा असेल तर त्या बाजूचे २० मिमी पाणी कमी झाले. पाऱ्याच्या मॅनोमीटरवर ही चूक १.६ मिमी दिसेल, उलट्या नळीवर पूर्ण २० मिमी. तोच बुडबुडा नळीच्या आडव्या भागात असेल तर स्थिर वाचनात फरक पडत नाही. पण तो तेथेच राहील याची खात्री नसते, म्हणून जोडनळ्या टॅपिंगपासून सलग उताराने न्याव्यात आणि मध्ये कोठेही उंचवटा ठेवू नये. बुडबुडे काढताना दोन्ही बाजूंचे एअर कॉक एकदम आणि सावकाश उघडावेत. एकच उघडला आणि पाईपमध्ये १५० किलोपास्कल गेज दाब असला तर पाऱ्याला १.२ मीटरचा फरक तोलावा लागतो. मीटरभर उंचीच्या यू-नळीत तेवढी जागा नसते आणि पारा उघड्या कॉकमधून बाहेर येतो. दोन भुजा जोडणारा समकारी व्हॉल्व्ह असेल तर तो आधी उघडा ठेवावा आणि हवा निघून गेल्यावर सावकाश बंद करावा.

वाचन दोन्ही भुजांचे घ्यावे. एका भुजेचे वाचन दुप्पट करणे सोयीचे वाटते, पण नळीचा आतील व्यास सर्वत्र सारखा असेलच असे नाही. पाऱ्याचा पृष्ठभाग मध्यभागी फुगीर असतो, तेथे माथा वाचावा. पाण्याचा खोलगट असतो, तेथे तळ वाचावा, आणि डोळा त्याच पातळीवर आणावा. केशाकर्षणामुळे १० मिमी व्यासाच्या नळीत पाणी तीन मिलिमीटरच्या आसपास वर चढते आणि पारा मिलिमीटरभर खाली दबतो. दोन्ही भुजा एकाच व्यासाच्या असतील तर हा परिणाम फरकातून निघून जातो, एकभुजी मॅनोमीटरात जात नाही. पारा सतत खालीवर होत असेल तर जोडनळीचे कॉक दोन्ही बाजूंना सारखे थोडे बंद करून हेलकावे कमी करावेत आणि मधले वाचन घ्यावे.

पाऱ्याविषयी एक गंभीर सूचना देणे आवश्यक आहे. त्याची वाफ दिसत नाही, वासही येत नाही आणि ती विषारी असते. फरशीच्या फटीत गेलेले थेंब बराच काळ वाफ सोडत राहतात. सांडलेला पारा झाडूने लोटू नये, व्हॅक्यूम क्लीनरने तर मुळीच ओढू नये. खिडक्या उघडाव्यात, थेंब जाड कागदाने एकत्र करून ड्रॉपरने उचलावेत आणि घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवावेत. २०१३ च्या मिनामाटा करारात पाऱ्याच्या मॅनोमीटरांचे उत्पादन आणि आयात-निर्यात थांबवण्यासाठी २०२० ही मुदत ठेवलेली होती, आणि भारताने तो करार २०१८ मध्ये मान्य केला. त्यामुळे पुढील काळात बहुतेक प्रयोगशाळांत यू-नळीच्या जागी डिजिटल दाबांतर ट्रान्समीटर दिसेल.

त्या ट्रान्समीटरलाही हेच सगळे लागू आहे. त्याच्या जोडनळ्या पाण्याने पूर्ण भरलेल्या असतील तर उभ्या पाईपवरही तो पिझोमेट्रिक हेडचाच फरक देतो, म्हणून त्याच्या वाचनातून ०.३ मीटर वजा करू नये. मात्र शून्य तपासताना एक काळजी घ्यावी. समकारी व्हॉल्व्ह उघडून शून्य पाहिले तर फक्त ट्रान्समीटरच्या आतील पडदा तपासला जातो. वरच्या जोडनळीत हवा अडकली असेल तर ती या तपासणीत दिसत नाही, कारण त्या वेळी दोन्ही बाजूंना एकच दाब पोहोचतो. ती हवा शोधायची असेल तर पाईप भरलेला ठेवून प्रवाह पूर्ण थांबवावा, समकारी व्हॉल्व्ह बंद करावा आणि मग वाचन पाहावे. ते शून्यापासून जितके मिलिमीटर पाणी सरकलेले असेल, तितक्या उंचीची हवा त्या दोन जोडनळ्यांपैकी एकीच्या उभ्या भागात आहे.